माड क्रमांक सतराचा नारळ केबिनमधून सोडण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
नारळ वाण अभ्यास केंद्र,
परळ, मुंबई

विषय : माड क्र. १७ चा शिल्लक नारळ रोवण्यासाठी मिळणेबाबत.
संदर्भ : आपले दि. ११ नोव्हेंबर २०२५ चे पत्र.

महोदय,

सोमवार, दि. ६ ऑक्टोबर रोजी मी माझी दिवंगत पत्नी बकुळा हिचा डबा व चष्मा नेण्यास आपल्या केंद्रात आलो. ती आपल्याकडे प्रयोगशाळा परिचर होती. १९ ऑगस्टला वारली. तिने रोवण्यासाठी ठेवलेल्या नऊ असोल्या नारळांची मी चौकशी केली. शिपाई म्हणाला, "काका, ते खंडेनवमीला फोडले. खोबरं काय गोड होतं म्हणून सांगू!"

ते नारळ बाजारातले नव्हते. दादर, परळ, प्रभादेवी येथील त्रेचाळीस माडांची पाने बकुळाने बर्फाच्या पेटीतून आणली होती. बेचाळीस माडांच्या डीएनए खुणा कमीअधिक एकमेकांशी जुळल्या. आमच्या चाळीमागचा माड क्र. १७ कोणाशीच जुळला नाही. त्याची रोपे व्हावीत म्हणून तिने जुलैत नारळ उतरवून घेतले आणि रोवण्याच्या परवानगीची फाइल आपल्याकडे पाठवली. आपण ती उघडलेली नाही. सप्टेंबरात चाळीच्या पुनर्विकासात माड तोडला गेला.

यंत्राची पूजा करण्यास माझी हरकत नाही. मी चाळीस वर्षे लिफ्ट दुरुस्त केल्या. पान्यांना हळदकुंकू मीही वाहिले. पण ज्या यंत्राने हा नारळ वेगळा असल्याचे सांगितले, त्यालाच झेंडूची माळ घालून त्याच्यापुढे तो फोडण्याची अक्कल शिकलेल्या माणसांनाच सुचते. पूजेचे नारळ आणायला वाण्याकडे कोणी जायचे यावर एकमत झाले नाही, हे कारण मला सांगण्यात आले. दोन नारळांना कोंब आले होते. त्यांच्या आतला गोड गोळा लेखा शाखेने वाटून खाल्ला.

वाणाची माहिती संगणकावर सुरक्षित असल्याने नुकसान झालेले नाही, असे आपण लिहिता. संगणक मातीत पुरून त्याला झावळ्या येत असतील तर मी हा अर्ज मागे घेतो. पडताळणीसाठी मूळ माड समक्ष दाखवावा, असेही आपण कळवले आहे. तिथे आता तीन मजले खोल खड्डा आहे. आपण केव्हाही यावे.

आठ नारळ फुटले. नववा सोलून कलशावर मांडल्यामुळे वाचला. तो आपल्या केबिनमध्ये असून त्याला कोंब फुटला आहे. कलशावरच्या नारळाला कोंब येणे शुभ, आता साहेबांना बढती, म्हणून कोणी हात लावू नये असे आपण बजावले आहे. आपल्याला बढती जरूर मिळावी. आपण इथून जावे, ही माझीही इच्छा आहे. पण तांब्यातल्या पाण्यावर माड होत नाही. आपल्याच शास्त्रज्ञ मृणालिनी शेट्ये यांचे म्हणणे आहे, की सोललेला नारळ लवकर मातीत गेला नाही तर कोंब मरेल.

तो रोवण्यासाठी बकुळाच्या माहेरी माणसे वाट पाहत आहेत. नारळ मला द्यावा, अथवा आपण स्वतः रोवावा. माझ्या हातूनच व्हावे, असा माझा हट्ट नाही.

काल मी केबिनच्या काचेतून पाहिले. कोंब वीतभर वाढला आहे व टोकाला पिवळा पडू लागला आहे. नारळ अद्याप रोवलेला नाही.

आपला, नाइलाजाने नम्र,
(सही)
जयवंत पुंडलिक नाईकधुरे
प्रभादेवी, मुंबई
दि. २० नोव्हेंबर २०२५