छत्तीस सेल आणि तुमची दुपारची झोप

प्रिय अहो,

एकाच घरात राहून नवऱ्याला पत्र लिहायची वेळ यावी, म्हणजे कमालच झाली. तुम्ही आतल्या खोलीत पलंगावर आडवे, मी इथे शिलाई मशीनवर कागद ठेवून लिहितेय, मध्ये फक्त एक दार, आणि आज अबोल्याचा चौथा दिवस. बोलायला आलं की तुम्ही गच्चीवर पळता. पत्र वाचायला तरी एका जागी बसावं लागेल, म्हणून हा खटाटोप. चष्मा सापडत नाही असं सांगू नका, तो पत्रावरच ठेवणार आहे.

आधी माझं गाऱ्हाणं ऐका, मध्येच उठायचं नाही. गेल्या वर्षी तुम्ही घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केलंत. म्हणालात, हल्ली मनगटावर घड्याळ बांधतं कोण, सगळे फोन बघतात. मी म्हटलं, बरं झालं, जरा आराम करा. आराम कसला डोंबलाचा! महिन्याभरात तुम्ही भंगारवाल्याकडून टवके उडालेल्या सोलर सेलचं खोकं उचलून आणलंत आणि जाहीर केलंत की बाजारातून पॅनेल विकत घेणारे सगळे मूर्ख, आपण घरीच बनवू, अगदी स्वस्तात. स्वस्तात म्हणजे कसं ते आता माझ्याकडून ऐका. काच आली माझ्या फडताळाच्या दाराची. चौकटीचं लाकूड आलं माझ्या कापडाच्या मांडणीचं. पाठीला प्लायवूड हवं म्हणून पाहुण्यांच्या पलंगाची फळी गेली, आता कोणी मुक्कामाला आलंच तर त्याला उभ्यानं झोपायला सांगावं लागेल. सावली पडते म्हणून गच्चीवरच्या माझ्या दोऱ्या काढल्यात. धुतलेली चादर घेऊन मी घरभर फिरतेय आणि तुम्ही वर उन्हाचं माप घेताय. सूर्य काय तुमच्या एकट्याच्या नावावर आहे?

आणि ते सेल! नखाइतकेही जाड नाहीत, कोणी शिंकलं तरी तडकायचे. म्हणून भर उन्हाळ्यात गच्चीवरच्या खोलीत मला पंखा लावायची बंदी. सोल्डर धरावं म्हणून लावायच्या त्या फ्लक्सच्या वासानं माझं डोकं उठायचं, तरी तुमचं व्याख्यान चालूच. एका सेलला अर्धा व्होल्ट, छत्तीस जोडले की अठरा, आणि अठरा असले की बॅटरी चार्ज होते. एका सेलची वरची बाजू धातूच्या पट्टीनं दुसऱ्याच्या खालच्या बाजूला जोडायची. तुम्ही हे मला तीन दिवस कागदावर काढून समजावत होतात. मला पहिल्याच मिनिटाला कळलं होतं, कारण आमचा धावदोरा तसाच चालतो, एकदा वर, एकदा खाली. पण कोण विचारतंय?

आता जे सांगणार आहे ते तुम्हाला माहीत नाही, असं मी परवापर्यंत समजत होते. पहिलं पॅनेल जोडून झालं तो दिवस आठवा. मीटर लावलात, काटा ढिम्म हलेना. पुन्हा लावलात, जरा हलला आणि पडला. तुम्ही आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडलात. मी काय करणार? सुई घेऊन एकेक पट्टी टोचून पाहिली. सैल बटणासारख्या पट्ट्या निघून आल्या हो हातात. सोल्डर वरवर बसलं होतं, पट्टीला धरलंच नव्हतं. काही ठिकाणी तर सोल्डरचा डाग सेलवर भलतीकडेच पडला होता. तुमचं सोल्डरिंग आयर्न गरम केलं, देवाचं नाव घेतलं आणि अकरा डाग नव्यानं दिले. तीन आठवडे शेजारी बसून बघत होते, तेवढं तर दगडालाही आलं असतं. संध्याकाळी तुम्ही पुन्हा मीटर लावलात आणि अठरा व्होल्ट! गच्चीवर नाचलात तुम्ही, या वयात. मला हाक मारून म्हणालात, बघ, हात अजून विसरलेला नाही. तो चेहरा बघून खरं सांगायला माझी जीभच रेटली नाही. मग तेच सुरू झालं. सकाळी तुम्ही जोडायचं, दुपारी तुम्ही झोपलात की मी चोरासारखं उकलून पुन्हा जोडायचं. जन्मभर लोकांच्या कपड्यांची शिवण उसवली, आता नवऱ्याचीही.

दुकान फोनमुळे बंद झालं नाही, हे मला त्याच दिवशी कळलं. तशी शंका आधीपासून होती. तुम्ही चहा बशीत घेणं सोडलंत, कप दोन्ही हातांनी धरायला लागलात, सहीला कंटाळा म्हणून बँकेत जायचं टाळलंत. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरून बसवणारा माणूस शर्टाचं बटण लावताना माझ्याकडे पाठ करतो, हे बायकोला दिसत नाही असं वाटलं तुम्हाला? मामंजींचे हात शेवटी चमचाही धरत नव्हते, मीच भरवायचे. तुम्ही दाराशी उभे राहायचात आणि आत यायचा नाहीत. तुम्हाला कशाची भीती वाटते ते मला कळतं. मलाही वाटते. पण भिऊन गप्प बसायचा मक्ता काय तुम्ही एकट्यानं घेतलाय?

तरी मी गप्प राहिले असते. पण शुक्रवारी गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या. आदल्या रात्री वीज गेली तेव्हा त्यांनी तोंडात टॉर्च धरून एका गवंड्याच्या कपाळाला टाके घातले म्हणे. तपासणीच्या टेबलावर एक खात्रीचा दिवा हवाय, एक पॅनेल द्याल का, असं त्यांनी विचारलं. आणि तुम्ही छाती पुढे काढून सांगितलंत, का नाही, मंगळवारी संध्याकाळी घेऊन जा. मला विचारलंत? आपल्या गच्चीवरचा दिवा विझला तर आपण अंधारात बसू, फार तर एकमेकांवर खेकसू. तिथे सुई कोणाच्या तरी कातड्यात असताना दिवा गेला तर? माझ्या तोंडून निघून गेलं की हे काम घेऊ नका, तुमच्या हातांना झेपणार नाही. नर्सबाईंच्या देखत. तो शब्द सुटला तेव्हाच मला कळलं की आता परत घेता येणार नाही. तुम्ही चप्पल घातलीत आणि वर गेलात. माझं चुकलं. बोलले ते खोटं नव्हतं, पण चारचौघांत बोलायला नको होतं. हे लिहून देतेय, जपून ठेवा, पुन्हा मिळणार नाही.

मग दुसऱ्या दिवशी दुपारी, इतका राग असूनही, तुम्ही आडवे झाल्यावर मी सवयीनं वर गेले. नर्सबाईंचं पॅनेल टेबलावर मांडलेलं. आयर्नला हात घातला आणि तिथेच थबकले. स्टँड डावीकडे होतं. आयर्न, सोल्डरचं रीळ, ओला स्पंज, सगळं डावीकडे सरकवलेलं, दिव्याची मानसुद्धा वळवलेली. या घरात डावरी मी एकटी. सासूबाईंनी त्यावरून टोमणे मारले तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात की राहू द्या, तिच्या डाव्या हाताला माझ्या उजव्यापेक्षा जास्त कळतं. आणि आदल्या दिवशीपर्यंत ते स्टँड उजवीकडे होतं हे नक्की, कारण माझा हात रोज त्याच्यावरून आडवा जाऊन पोळायचा. मनगटावरचा डाग इस्त्रीचा आहे, असं तुम्हाला सांगितलं होतं ना, तो इस्त्रीचा नाही.

मी खुर्चीत बसले आणि एकेक गोष्ट आठवायला लागले. डोळ्याला भिंग लावून जन्म काढलेला माणूस तुम्ही, डाव्या हातानं दिलेला डाग उलटीकडे ओघळतो हे तुम्हाला दिसलं नसेल? दिवसा झोपतात ती मांजरं, असं म्हणणारे तुम्ही, आणि हल्ली दोन-दोन तास झोपता. आधी मला बरं वाटायचं, म्हटलं थकतात बिचारे. बिचारे! उन्हात तापलेल्या गच्चीवर मी घाम पुसत बसायचं आणि तुम्ही खाली डोळे मिटून मिनिटं मोजायची, का तर मला पुरेसा वेळ मिळावा. वर संध्याकाळी मीटर लावून नाचायचं. कोणासाठी नाचत होतात हो? मला वाटायचं मी तुमचा मान सांभाळतेय. तुम्ही काय सांभाळत होतात कोण जाणे. इतका राग आला की तिथेच बसून रडले, आणि रडताना सेलवर पाणी पडू नये म्हणून तोंड बाजूला केलं. बघा, तुमच्या नादानं कुठे पोचले.

तर पत्र लिहायचं कारण हे. नर्सबाई उद्या संध्याकाळी येणार आणि नऊ सेल अजून जोडायचे आहेत. हे पॅनेल मी चोरून करणार नाही. तुम्ही भिंग लावून शेजारी बसायचं, कुठे धरलंय आणि कुठे नाही ते सांगायचं, डाग मी देणार. तुमच्या नजरेइतकी नजर मला या जन्मात येणार नाही, तेव्हा उगाच बिघडायचं नाही. नर्सबाईंना सांगायचं की दोघांनी केलंय. त्यांना मी आणखी एक विचारलंय. हातांच्या डॉक्टरांकडे गुरुवारी सकाळची वेळ मिळाली आहे, मी बरोबर येणार, आणि या वेळी दाराशी कोणी उभं राहायचं नाही. मी वर जाऊन आयर्न तापायला लावते. पत्र उशाशी ठेवतेय, तेव्हा आता ते खोटं घोरणं थांबवा आणि उठा. खरं घोरताना तुमची शेवटी शिट्टी वाजते, एकोणतीस वर्षं ऐकतेय मी.

तुमचीच,
डावरी