थंडीतल्या फेऱ्या

२ नोव्हेंबर, रविवार दुपार

चि. ठमे,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तू वेळेवर जेवत नसशीलच, म्हणून विचारत नाही. अक्षर ओळीवरून घसरतंय, त्याला हसू नकोस, पेन भिकार आहे. फोनवर तू मध्येच बोलतेस आणि माझं सांगायचं राहतं, म्हणून पत्र.

बेकरीचा मालक विचारत होता, "कन्या कधी येतेय तुमच्या पावाच्या गाडीचा ताप बघायला?" मेल्याला वाटतं गाडी आजारी आहे. मी सांगितलं, धुराच्या नळीत एक जाळीदार वीट असते. ती तापली तरच धूर साफ करते. ती आतून किती तापली ते पोरीचं गणित ओळखतं आणि इंजिनाला सांगतं, डिझेल जास्त जाळ, तिला तापव. एवढं बोलून मलाच धाप लागली. तर म्हणतो, "थर्मामीटर लावा की!" मीही पहिल्या दिवशी तेच म्हटलं होतं. रोजच्या गाडीत विटेच्या पोटात तार टिकत नाही, हे तू मला दोनदा सांगितलंस, दुसऱ्यांदा ओरडून. ओरडणं माझ्यावर गेलंय.

आठवतं का गं? दर दुकानापाशी मी इंजिन बंद करून पावाचे ट्रे उतरवायचे. परत येऊन बसले की तुझं गणित म्हणायचं, वीट गार झाली. चाचणीपुरती घातलेली तार म्हणायची, आत अजून तापलेलीच आहे. मी म्हटलं, "घ्या! शिकून हे!" तर तू चिडायचं सोडून टाळ्या पिटल्यास. "आई, हेच हवं होतं! हमरस्त्यावरच्या गाड्यांनी हे कधी दाखवलंच नसतं." मग गरम पाव तोडून खात बसलीस, कॉम्प्युटरवर सगळा चुरा. घरात आपलं दुसऱ्या वाक्याला वाजतं. गाडीत कसं बोललो गं आपण!

परवा गाडी जरा घासली. किराणावाल्याचा खांब भलताच पुढे आलाय.

बरं, खांब जिथल्या तिथेच आहे. मला दिसला नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आहे, वाढणार. गाडी आजपासून बंद. मी भांडले, "थंडी होऊन जाऊ दे, पोरीच्या फेऱ्या राहिल्यात." त्या म्हणाल्या, "बाई, रस्त्यात माणसं असतात." किल्ली मालकाला दिली. तो स्वतः चालवतोय, पण महिनाअखेर दुसरा ड्रायव्हर ठेवणार, आणि तो तुझ्या तारांचं लोढणं ठेवून घेणार नाही. थंडीतले आकडे नाहीत तर गणित अर्धवट, असं तूच म्हणाली होतीस.

तुला गाडी शिकवायला घेतली होती. गिअर एकदा खडखडला तर मी अशी खेकसले की तू भर चौकात उतरून चालत घरी आलीस. पुढे परक्या गावात, परक्या माणसाकडून शिकलीस. लायसनचा फोटो पाठवलास, मी नुसतं "बरं" म्हटलं. ते बोचतं अजून.

तर त्याआधी ये. तू चालव. कुठल्या दुकानापाशी थांबायचं ते मला तोंडपाठ आहे. आकडे मोठे करून दे, डोळ्याच्या कडेने वाचीन.

गिअर खडखडला तर खिडकीबाहेर बघेन. तिकडे तरी आता काय दिसतंय म्हणा.

शेजारच्या सीटवरची,
तुझी आई