चारा छावणीत माझा सत्कार

१२ जून २०१९

पास झाले. बी.एस्सी., पहिल्या वर्गात. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. सांगायला चारा छावणीवर गेले, कारण दुष्काळ पडल्यापासून आप्पा जनावरांसोबत तिथंच मुक्कामाला आहेत. आप्पा बैलांना ऊस तोडून टाकत होते. ऐकून म्हणाले, "लई झ्याक झालं. जरा ती बादली सरकव." झालं कौतुक.

१३ जून

एम.एस्सी.ला औरंगाबादला जायचंय. फॉर्मची शेवटची तारीख पंचवीस. आप्पा म्हणतात, "घरात थोरला दादा हाय. त्याला इचार." ज्या दादाशी हे नऊ वर्षं बोलत नाहीत, त्याला! गेले मोठ्या बापूंकडे, म्हणजे आप्पांच्या त्याच थोरल्या भावाकडे. त्यांची दावण छावणीच्या पार दुसऱ्या टोकाला. ते म्हणाले, "तुजा बाप जित्ता हाय ना? मंग मला कावून इचारती?"

मान दोघांनाही पाहिजे, जबाबदारी कुणालाच नको. मला रडूच आलं. म्हशींच्या मागं जाऊन रडले. म्हशी काही विचारत नाहीत, एवढं बरं.

भांडण काय, तर सोसायटीच्या चेअरमनपदाचं. सख्खे भाऊ एकमेकांविरुद्ध उभे राहिले, मतं फुटली आणि तिसराच, राधाकिशन, निवडून आला. छावणीही आता त्याच्याच सोसायटीची. म्हणजे दोघांची जनावरं रोज राधाकिशनचा चारा खाणार, पण भाऊ भावाच्या हातचं पाणी पिणार नाही. याला आमच्यात स्वाभिमान म्हणतात.

१४ जून

ठरलं. पेढे-बिढे नकोत, जेवणच घालायचं. दोघांना एका पंगतीत बसवायचं आणि चार माणसांसमोर विचारायचं. चार माणसांसमोर आमच्यात कुणी नाही म्हणत नाही, कंजूष दिसतं.

आईला सांगितलं. आई म्हणाली, "अन् पाणी गं?" बी.एस्सी. मी, आणि हा प्रश्न आईला सुचला. गावात टँकर आठ दिवसांनी येतो, छावणीत रोज. म्हणून पंगत छावणीतच.

१६ जून

आप्पा: "आपल्या दावणीपाशी करू." बापू: "मी थोरला. त्यानं माज्याकडं यावं." मधलं अंतर दोनशे पावलं.

शेवटी भिवरा आत्याला धारूरहून बोलावलं. ती दोन्ही भावांवर रुसलेली, कारण निवडणुकीत तिला कुणी विचारलंच नव्हतं. "मी नुसती बहीण हाय, मतदार थोडीच!" तरी आली, आणि चहा प्यायच्या आत निकाल दिला: चारा मोजायचा काटा मधोमध आहे, तिथं पंगत. बापूंनी पावलं मोजली. काटा आप्पांच्या बाजूला चार पावलं जवळ निघाला.

हलवला. आईनं आणि मी.

१७ जून

आज कुणीच रुसलं नाही. भीती वाटते.

१८ जून

बुंदी, पोळी, वांग्याची भाजी. सत्कारमूर्तीला पेंडीच्या पोत्यावर बसवलं. दोघं भाऊ एका पंगतीत आले, पण पाठीला पाठ लावून बसले. आत्यानं कपाळाला हात लावला.

मी विचारणार, तेवढ्यात राधाकिशन हजर. शाल, नारळ, सोबत फोटोवाला. "सोसायटीच्या वतीनं आपल्या गुणवंत कन्येचा..." पुढचं राहिलंच. आप्पा आणि बापू एकदम उठले आणि एकदमच म्हणाले, "आमच्या लेकीचा सत्कार आमी करू." शब्दाला शब्द सारखा. मग दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

राधाकिशन नारळ घेऊन परत गेला.

बापूंनी डोक्याचा फेटा सोडला आणि मला बांधायला लागले. आप्पांनी दुसरं टोक धरलं. "दादा, जरा ढिला बांद, पोरीचं डोकं दुखंल," म्हणाले. नऊ वर्षांत पहिलं वाक्य. मग दोघं एका ताटात जेवले. आई रडली, आत्या रडली, मी तर फेट्यासकट रडले. इतकी खूश मी निकालाच्या दिवशीही नव्हते.

तसंच डोळे पुसत एम.एस्सी.चं विचारलं. बापू म्हणाले, "आता आमी दोगं हाओत. मिळून ठरवू. तू काळजी सोड."

सोडली.

२१ जून

दोघं एका मोटारसायकलवर नांदूरघाटला गेलेत. अख्खी छावणी बघत उभी होती. आई म्हणते, तुझ्या ॲडमिशनचंच असेल. नांदूरघाटला कुठलं विद्यापीठ आलं?

२२ जून

माझी सुपारी फोडून आले. पोराकडच्यांना पदवीधर मुलगी पाहिजे होती म्हणे. मला विचारायचं तेवढं आनंदात राहून गेलं.

फॉर्मला तीन दिवस आहेत. तेवढ्यात या दोघांचं परत भांडण लावायचंय.