शेवळांपुढची कोरी जागा

२१ मे, शहापूर
बाजारात काकडं आली, ती आंबट हिरवी रानफळं. मागोमाग शेवळं येतीलच.
लग्नाचं पहिलं वर्ष आठवलं. मुरबाडच्या घरी मी शेवळांची भाजी केली, काकडांचा रस न घालता. कॉन्व्हेंटात कुठे शिकवतात ते. सगळ्यांचे घसे खाजले. मोठ्या जाऊबाई मात्र ताट पुसून उठल्या. मागच्या दारी माझ्या हातावर गूळ ठेवून म्हणाल्या, "मडमिणी, काकडं नाय पडली तर शेवळं माणसाला बोलू देत नाय."
तेव्हापासून दर वर्षी पहिली शेवळं त्यांच्याकडे. गेल्या वर्षी ऑपरेशन, राहिलं. यंदा?

२४ मे
काल बीट. कॉन्व्हेंटच्या शाळेतल्या जुन्या चमच्याने दोन चमचे. सकाळी पोटावरची पिशवी लालभडक. वाटलं, रक्त. मग वहीच्या शेवटच्या पानावरची यादी पाहिली, नवं काय खाल्लं आणि पुढे काय झालं त्याची: 'बीट'. एकटीच हसले. एवढं आयुष्य जेवले, आत काय होतं ते कधी दिसलं नव्हतं.

२७ मे
पिशवी बदलली. पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड मी कितीतरी दिवस पाहिलंच नव्हतं. आता त्याला कळी म्हणते. कोमट पाण्याने पुसताना ती आपसूक मिटली, पुन्हा उमलली. माझा हात तिला कळत नाही. मी झोपते, ती काम करते.
शाळेत जेवणाआधी आभाराची प्रार्थना असे. हल्ली मी नंतर म्हणते, पिशवी भरलेली दिसली की.

३० मे
ठाण्याला हॉस्पिटलात सिस्टरकडे. पिशवी लावायला त्यांनीच शिकवलं. केरळच्या.
"शेवळं म्हणजे काय?"
रानातला कोंब, म्हटलं. त्यांच्या पथ्याच्या यादीत नाही. विचार करून म्हणाल्या, बारीक चिरून, मऊ शिजवून, दोनच चमचे. दुपारी. खूप चावा. त्या दिवशी दुसरं नवीन काही नको. पोट दुखलं आणि पिशवी रिकामी राहिली तर आतडं अडलं समजायचं, घरी थांबायचं नाही. "आणि मला सांगा. मी यादीत लिहीन."

२ जून
जाऊबाईंचा फोन. "येतेस का नाय? का आमच्या हातचं चालत नाय आता?"
कळीचं सांगितलं. वास येईल, ताटावरून उठावं लागेल...
"मग ऊठ. मला दात नाय, मी लाजते का? दोघी मिळून चावू."

६ जून, मुरबाड
त्यांनी आतला पिवळा भाग काढून टाकला, बारीक चिरलं, रस दोनदा घातला. "आज नाय खाजणार गो." मऊ भात, त्यावर दोन चमचे. मी गिळेपर्यंत त्यांनी घास उचलला नाही.
चव तीच. चाळीस वर्षं रानात जपून ठेवल्यासारखी.
तेव्हा दीड वाजला होता. आता चार. दुखत नाही. पिशवीत अजून काही नाही. जाऊबाई दोनदा दारातून विचारून गेल्या, "काय म्हणते तुझी कळी?"
ठाण्याला न्यावं लागलंच तर: पिशव्यांची बॅग माझ्याबरोबर. डब्यात भरून ठेवलेली भाजी माझ्या सुनेला. रस किती घालायचा ते तिने जाऊबाईंकडून शिकावं. शाळेतला चमचा जाऊबाईंकडे राहू दे. ही वही सिस्टरना. शेवटच्या पानावर 'शेवळं' लिहिलं आहे, पुढची जागा कोरी आहे. मी नाही भरली तर त्यांनी भरावी.