तू दहा मिनिटांवर होतीस

जळगाव,
मंगळवार, दुपार

प्रिय किरण,

पत्र बघून हसशील. रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फुलांचे फोटो पाठवणाऱ्या बाईला आज कागद कुठून सुचला, म्हणशील. हस बाई, आत्ताच हसून घे. पुढचं वाचल्यावर तू माझ्याशी बोलशील की नाही, मला खरंच माहीत नाही. चाळीस वर्षांची मैत्री मोडेल या भीतीने वर्षभर गप्प बसले, आता गप्प बसवत नाही.

भडगावच्या शाळेत तास सुरू व्हायच्या आधी तू मला कोपराने ढोसून विचारायचीस, आज बाईंचा मूड कसा आहे? मी त्यांच्या चपलांच्या आवाजावरून सांगायचे आणि ते खरं निघायचं. तेव्हा डोक्यात हवा गेली ती गेलीच. माणसाने तोंड उघडायच्या आधीच आपल्याला कळतं, असं मला वाटायला लागलं. पुढे धुळ्याला नर्सिंग केलं, मग इथल्या हॉस्पिटलात सव्वीस वर्षं काढली. शीर शोधण्यात माझ्याहून हुशार पुष्कळ आहेत. पण कुठला नातेवाईक आता भांडणार, कुणाला जवळ घ्यायचं, कुणाला एकटं सोडायचं, हे विचारायला डॉक्टरसुद्धा माझ्याकडे येतात. त्याचा मला फार अभिमान होता.

गेल्या महिन्यात नाशिकहून एक मॅडम आल्या होत्या, भावनिक बुद्धिमत्तेचं प्रशिक्षण द्यायला. रुग्णाचं मन ओळखा, नातेवाइकांचं ओळखा, त्याआधी स्वतःचं ओळखा, असं पडद्यावर दाखवत होत्या. मग म्हणाल्या, प्रत्येकीने एक अनुभव सांगा. मी तुझा सांगितला, नाव न घेता. अकरा दिवस वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेली माझी मैत्रीण, नवऱ्याची फुफ्फुसं निकामी झालेली. तिला शेवटचं बघवणार नाही हे मी ओळखलं, माझ्या घराची किल्ली देऊन अंघोळीला पाठवलं, आणि इकडे तो झोपेत शांतपणे गेला. नव्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. एकीचे तर डोळे भरून आले. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू!

त्याच मुलींतली मुस्कान गेल्या आठवड्यात माझ्या ड्यूटीत होती. पारोळ्याचे सुकदेव आबा शेवटच्या घटका मोजत होते. मुस्कानने गोड बोलून त्यांच्या मुलीला खाली चहाला पाठवलं. ती परत आली तोवर आबा गेले होते. ती रडली नाही. त्यांच्या पायांवर हात ठेवून तिने एवढंच विचारलं, "आबा काही बोलनात का?" मुस्कान म्हणाली, नाही ताई, काही बोलले नाहीत, झोपेतच गेले. हे खोटं होतं. आबांनी दोनदा लेकीचं नाव घेतलं, ते मी शेजारच्या खाटेपाशी ऐकलं होतं आणि तरी मधे पडले नव्हते. मुस्कानचे शब्द माझे, आवाज माझा, खांद्यावर हात ठेवायची पद्धतही माझीच.

किरण, नवलभाऊ झोपेत गेले नाहीत.

तू किल्ली घेऊन निघालीस तेव्हा दुपारचे पावणेदोन वाजले होते. त्यांचा श्वास सकाळीच बदलला होता. मला ते कळलं होतं, आणि कळलं होतं म्हणूनच तुला पाठवलं. अडीचला ते जागे झाले, मास्क खाली ओढून म्हणाले, "किरण कोठे शे?" मी म्हटलं, "ई राह्यनी भाऊ," येतेच आहे म्हणून. मास्क परत लावला. त्यांनी पुन्हा ओढला. "बलाव ना तिले." तिसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा मी तो हातात घट्ट धरून ठेवला. अशा धरण्याला मी आजवर धीर देणं म्हणत आले. तीन वाजून वीस मिनिटांपर्यंत ते दाराकडे बघत होते. तू दहा मिनिटांवर होतीस. फोन माझ्या खिशात होता.

तुझे नाना गेले तेव्हा तू तीन दिवस पाण्याला शिवली नव्हतीस, म्हणून या वेळी तुला जपलं, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. तेही पुरतं खरं नाही. मला तुझा आक्रोश ऐकायचा नव्हता. सव्वीस वर्षांत इतके ऐकलेत की आता एकही सोसत नाही, आणि तुझा तर नाहीच नाही. मी माझा जीव वाचवला आणि त्याला तुझं मन ओळखणं असं नाव दिलं. वर्षश्राद्धाला तू सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणालीस, हिच्यामुळे ते शांत गेले. मी मान खाली घालून बासुंदी वाढत राहिले. अशा किती जणींना मी चहाला, अंघोळीला, देवळात पाठवलं असेल? आठवायला बसले की चेहरे संपत नाहीत. आता कुणाच्या खांद्यावर हात ठेवला तर तो तिच्यासाठी की माझ्यासाठी, हे मलाच सांगता येत नाही. तरी रोज युनिफॉर्म चढवून जाते, कारण दुसरं काही येत नाही. मुस्कानला काय सांगायचं तेही सुचत नाही. ती मला गुरू मानते गं.

काल तुझा फोन आला. अक्कांना पुढच्या सोमवारी आमच्याच हॉस्पिटलात आणते आहेस. तू पाठवलेले रिपोर्ट मी बघितले. तुझी आई परत भडगावला जाणार नाही, किरण. तू म्हणालीस, तू आहेस म्हणून मला घोर नाही, तू सांगशील तेव्हा मी उठेन, तुला बरोबर कळतं. मी हो म्हटलं. ते हो मागे घेण्यासाठी हे लिहिते आहे. एका दुपारी मी तुझ्याजवळ येईन आणि म्हणेन, दमलीस गं, जरा घरी जाऊन ये. पाठीवरून हात फिरवीन, डोळ्यांत पाणीसुद्धा आणीन, आणि तुला ते सगळं खरं वाटेल, कारण मला ते फार छान जमतं. तू अक्कांजवळून उठू नकोस.

तुझीच म्हणायचा हक्क राहिला असेल तर तुझीच,
दिपमाला