सदस्य-सचिवांचा मोबाइल नंबर

६ ऑक्टोबर, सोमवार
आज मोठी गोष्ट घडली. नोकरी शोधायची ऑनलाइन साधनं कितपत उपयोगी पडतात, हे शासनाला जाणून घ्यायचंय. आमच्या कार्यालयात समिती झाली. सदस्य-सचिव: मी. (नाव ठरलं तेव्हा मी खाली चहाला गेलेलो. तरी आमच्या कार्यालयप्रमुख मेघना मॅडमना मीच आठवलो, यातच सगळं आलं.)
संकल्प: खोट्या नावाने चाचणी नाही. खरा उमेदवार, खरी नोकरी.
उमेदवारही ठरली. माझी भाची मृणाल. बी.कॉम., टॅली येतं. कंपनी बंद पडल्यापासून आठ महिने ठाण्यापुढे दिव्याला घरी बसून. बहिणीचे, चित्राचे, गुडघे गेलेत, तरी डबे करून घर ओढतेय. दिवाळीच्या आत पोरीला चिकटवतो. मामा असतो कशाला?

७ ऑक्टोबर
पाच पोर्टलांवर नोंदणी झाली. मृणालला शेजारी बसवून सगळं मीच भरलं. मोबाइल नंबर माझा, ईमेलही नवा काढून माझ्याकडेच ठेवला. ती म्हणाली, मामा, माझा नंबर टाक ना. म्हटलं, कॉलची मोजणी एका जागी झाली पाहिजे, अहवालाला पुरावा लागतो. शिवाय मुलीचा नंबर असा गावभर कशाला? या पिढीला कामाची पद्धत म्हणून माहीत नाही.
संध्याकाळी कॉल-रजिस्टर आखलं. लाल शाई, सात रकाने. सुरेख झालंय.

९ ऑक्टोबर
एकूण कॉल चौदा. कर्ज, क्रेडिट कार्ड, शीळफाट्याला टू बीएचके. नोकरी शून्य. डोकं उठलं. विनिता म्हणाली, बायकोचा फोन कधी उचलत नाही, आता जगाचे उचलताय. लक्ष दिलं नाही.
नवा नियम: समोरचा गोड बोलला की समजायचं, काहीतरी गळ्यात मारतोय.

११ ऑक्टोबर, दुपारी
एकीला पकडलं! फारच गोड आवाज. मृणालशी बोलायचंय म्हणे. आंबिवलीला गोदाम आहे, अकाउंट्सला जागा आहे, मंगळवारी अकराला मुलाखतीला पाठवा. बाई, आज शनिवार! तोही दुसरा! कुठलं ऑफिस उघडं असतं? इथेच चोरी सापडली. मी कोण आहे ते हुद्द्यासकट सांगितलं, सायबर पोलिसांचं नाव काढलं. तिची बोबडीच वळली. पुन्हा दोनदा फोन आला. ब्लॉक केलं.
रजिस्टरमध्ये नोंद: फसवे कॉल, तीन. मृणाल थोडक्यात वाचली. तिला बोललो नाही, उगाच घाबरायची.

१४ ऑक्टोबर
अहवाल तयार. बावीस पानं. निष्कर्ष: ऑनलाइन साधने निरुपयोगी, एकही खरा कॉल नाही.
मृणालचा फोन. काही आलं का? म्हटलं, धीर धर. मेल तरी बघू दे म्हणाली. समितीचे कागद असे कोणालाही दाखवता येत नाहीत, असं समजावलं. (पासवर्ड मलाही आठवत नाहीये. पण ते तिला कशाला?)

१६ ऑक्टोबर
लिहू नये असं वाटतंय. तरी लिहितो.
सादरीकरणात मॅडम म्हणाल्या, मेलबॉक्स उघडा. कॉम्प्युटर बघणाऱ्या हर्षितने पासवर्ड बदलून दिला. सगळं भिंतीवर, मोठ्या अक्षरांत. शनिवारचा मेल: फोनवर काही गैरसमज झाला असावा, मंगळवारी अकरा वाजता जरूर यावे. मंगळवारचा: आपण आला नाहीत, पाचपर्यंत वाट पाहू. बुधवारचा: जागा भरली आहे.
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, म्हणजे साधन चार दिवसांत कामाला आलं होतं.
मी म्हटलं, तांत्रिक अडचण. ते तसंच इतिवृत्तात गेलं.
मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१७ ऑक्टोबर
कंपनीला फोन केला. तीच मुलगी. माफी मागितली. ती नीट बोलली, त्याचंच जास्त लागलं. जागा खरंच भरलीय.
उद्या दिव्याला जाऊन चित्राला आणि मृणालला सगळं सांगायचं. नक्की.

१८ ऑक्टोबर
डोकं दुखत होतं.

१९ ऑक्टोबर
सणाच्या तोंडावर कसं सांगायचं? फोनवर सांगणं तर बरं दिसत नाही.

२१ ऑक्टोबर
विनिताला सांगितलं. चकल्या डब्यात भरता भरता म्हणाली, भाऊबीजेला काय तोंड घेऊन जाणार आहात?

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
गेलो. चित्रा आत ताट करत होती. मृणालला गॅलरीत गाठलं आणि हवापाण्याचं बोलत राहिलो. शेवटी तीच म्हणाली, मामा, मला गेल्या आठवड्यातच कळलं. तिने स्वतःचा नंबर देऊन नव्याने नोंदणी केली. आंबिवलीच्या त्या मुलीने नाव ओळखलं आणि फोन करून सगळं सांगितलं.
मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता आईला सांगतो. नको म्हणाली. आईला यातलं काही माहीत नाही. गुडघे दुखतायत तरी सकाळपासून तुझ्या करंज्यांसाठी ओट्याशी उभी आहे, आजचा दिवस राहू दे.
पाटावर बसलो. चित्राने एका हाताने भिंत धरून ओवाळलं. मला मान वर करवेना. ती मृणालला म्हणाली, अगं, पाया पड मामाच्या, आपल्यासाठी किती धावतोय बिचारा.
मृणाल वाकली. नीट पाया पडली.