बुरशीच्या कप्प्यातली बरणी

बाई, माझी एक गंभीर तक्रार आहे. ती कुठल्या कचेरीत द्यावी हे कळेना, म्हणून तुम्हाला लिहितेय. माझ्या उजव्या चपलेवर अतिक्रमण झालंय. काल कुंडीत होता तो पिवळाधमक चिकट गोळा, आज सकाळी अंडाभुर्जी सांडावी तसा चपलेवर पसरलेला. "बुरशी आली गं!" मी ओरडले. लेक जीवशास्त्र शिकते. चप्पल डोळ्यांपाशी नेऊन म्हणाली, "आई, हिचं नाव तेवढं चिकट बुरशी. हाय ही अमिबाच्या खानदानातली. खरी बुरशी उलट आपल्या, प्राण्यांच्या भावकीतली." आणि सगळे अमिबे तरी कुठं एका घरचे? सरपटणं सारखं, घराणी निराळी, म्हणे. आडनाव पाहून सोयरीक जुळवणाऱ्या आपल्या लोकांना हे कसं पचायचं! मी उंबऱ्यावर बसून हसत सुटले. बाई, तुम्ही जिंकलात.

चाकूरच्या शाळेतलं विज्ञानाचं कपाट आठवतं. असलाच गोळा तुम्ही लाकडाच्या ढलपीसकट बरणीत आणलाय, त्याच्या कडेला पेन्सिलीनं रेघ मारताय आणि मला म्हणताय, "ध्यान ठेव गं, हे चालतं." बरणी तुम्ही अमिबाच्या स्लाइडपाशी ठेवली. दोन दिवसांनी तपासणीचे साहेब आले. मी वर्गातली लई हुशार. हात वर केला, "साहेब, पुस्तकात ही बुरशीत हाय, बाईंनी अमिबापाशी ठेवलीय." साहेब सगळ्यांसमोर तुम्हाला म्हणाले, "बाई, पुस्तक उघडता, का नुसतं कपाटच?" मुली फिदीफिदी हसल्या. तुम्ही बरणी उचलून खालच्या, बुरशीच्या कप्प्यात ठेवलीत. मला शाबासकी. मधल्या सुट्टीत तुम्ही तुमचं भिंग माझ्या हातात दिलंत. "पुस्तक लिहिणारानं हे चालताना पाहिलं नसंल. तू बघत जा." मला वाटलं, बक्षीस आहे! पुढं त्याच भिंगातून लोकांची व्यंगं बघत, त्यावर विनोदी लेख लिहीत मी पोट भरलं. स्वतःवर ते धरायचं मात्र राहून गेलं.

दुपारी दुसऱ्या चपला घालून एसटीनं चाकूर गाठलं. कपाट तेच, बरणी तीच, खालच्याच कप्प्यात. गोळ्याचा आता तपकिरी भुगा झालाय. विज्ञानाच्या नव्या मॅडमनी विचारलं, "काय करून राहिलात ताई?"

"काही नाही," म्हटलं, "हिला माहेरी पोचवतेय." आणि बरणी अमिबाच्या शेजारी ठेवली.

तुमच्या माघारी पत्र टाकायचं कुठं, म्हणून भिंगाच्या डबीत घडी घालून ठेवतेय. एक सांगायचं राहिलंच. साहेब आले त्या सकाळी गोळा रेघेच्या दोन बोटं पुढं सरकलेला मी पाहिला होता, बाई. हात वर करण्याच्या आधी.